पित्ताची गोळी कधी घ्यायची आणि किती दिवस

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी सांगलीत मार्केट यार्डाजवळ एका मेडिकल दुकानात फार्मासिस्ट आहे. ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं की सगळ्याच पेपरांच्या आरोग्य पानावर पित्तावरचे घरगुती उपाय येतात, कोकम सरबत घ्या, आवळा खा, गार दूध प्या वगैरे, लोक ते वाचतात, करूनही बघतात आणि शेवटी आमच्याकडे येऊन गोळीच नेतात. त्या गोळीबद्दल मात्र धड काही छापून आलेलं माझ्या तरी वाचनात नाही. म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, पण विनंती आहे की पूर्ण वाचा.

दुकानात दिवसभर जे बोलणं होतं ते साधारण असं असतंय. यार्डातला हमाल येतो, एसटीचा ड्रायव्हर येतो, साखर कारखान्यात शिफ्टला जाणारा येतो, विश्रामबागेतली कॉलेजची पोरं येतात, सगळ्यांचं एकच, "दादा, ती पित्ताची पट्टी द्या की, पिवळी." किती दिवस घेताय विचारलं की, "झाली असतील चार-पाच वर्षं." डॉक्टरांनी लिहून दिलेली का? "न्हाई, भावजींना दिलेली, मला पण लागू पडली." आणि कधी घेता? "रात्री जेवल्यावर, झोपताना." हे शेवटचं उत्तर ऐकून मला खरंच वाईट वाटतं, कारण माणूस पैसे घालवतोय, औषध पोटात जातंय, आणि नुसती वेळ चुकल्यामुळं त्याचा पाहिजे तेवढा उपयोग होत नाहीये. आणि पट्टीच्या मागं बारीक अक्षरात प्रिस्क्रिप्शनशिवाय विकू नये असं छापलेलं असतं ते ना घेणारा वाचतो ना बरेचसे विकणारे.

आधी पोटात होतं काय ते सांगतो. जठरात जे ॲसिड बनतं ते हायड्रोक्लोरिक ॲसिड, चांगलंच जहाल, पण ते शरीराचा शत्रू नव्हे, प्रथिनं पचवायला आणि अन्नाबरोबर आलेले जंतू मारायला ते लागतंच. जठराला आतून चिकट थराचं संरक्षण असतं, वरच्या अन्ननलिकेला तसलं काही नसतं. दोन्हीच्या मधे स्नायूची एक गोल झडप असते, बटव्याची नाडी ओढल्यावर तोंड कसं आवळतं तशी ती आवळलेली असते, घास गिळला की उघडते आणि परत मिटते, आणि छाती-पोटाच्या मधला जो डायफ्रॅमचा पडदा असतो तोही तिला बाहेरून धरून ठेवतो. आता ही झडप घास गिळलेला नसतानाच मधे मधे सैल पडायला लागली, किंवा जठराचा वरचा भाग त्या पडद्याच्या भोकातून वर छातीत सरकला, ज्याला हायटस हर्निया म्हणतात, की ॲसिड वर येतं आणि मग छातीत जळजळ, घशाशी आंबट पाणी, करपट ढेकर, रात्री ठसका लागून जाग येणं हे सुरू होतं. अधूनमधून सगळ्यांनाच होतं हे, लग्नात चार घास जास्त झाले की होतं, त्याला कोणी आजार म्हणत नाही. पण आठवड्यातून दोन किंवा जास्त वेळा होतंय, महिनोन्महिने चाललंय, झोप मोडतीय, तर तो आजार, डॉक्टर लोक त्याला जीईआरडी म्हणतात.

ह्यात एक गोष्ट समजून घ्यायला पाहिजे की बऱ्याच पेशंटांच्या पोटात ॲसिड काही जास्त बनत नसतं, ते नको त्या जागी जात असतं. गोळी ॲसिड कमी करते, झडप दुरुस्त करत नाही. त्यामुळं पोटाचा घेर तसाच राहिला, रात्री अकराला जेवून सव्वाअकराला आडवं व्हायचं तसंच चालू राहिलं, तर गोळी थांबवली की त्रास परत येणारच.

पोटावर दाब आला की ॲसिड वर ढकललं जातं. वाढलेलं वजन हे त्यातलं सगळ्यात मोठं कारण. गरोदरपणातही होतं, त्यात हार्मोनमुळं झडप सैल पडते आणि वरून बाळाचा दाब, बहुतेकींचं बाळंतपणानंतर थांबतं. आमच्या यार्डात हळदीची पोती उचलणारे लोक कंबरेला करकचून फडकं बांधतात आणि भरपेट जेवून लगेच वाकून कामाला लागतात, त्यांना ह्याचा त्रास होतो तो उगाच नाही. आणि तंबाखू. आपल्या सांगली-कोल्हापूर पट्ट्यात मावा आणि बायकांची मिश्री ह्याकडं कोणी व्यसन म्हणून बघतच नाही, पण निकोटिननं ही झडप ढिली पडते. मावा तोंडात धरून पित्ताची गोळी मागायला येणाऱ्या माणसाला मी हे दर वेळी सांगतो, रागावतात काहीजण, पण सांगतो.

आता औषधांचं. जाहिरातीत दिसणारं पातळ औषध, चघळायच्या गोळ्या, पाण्यात फसफसणारी पुडी हे सगळे अँटासिड, म्हणजे तयार झालेलं ॲसिड मारणारे, लगेच बरं वाटतं पण तासा-दोन तासात असर उतरतो. कधीतरी घ्यायला हरकत नाही. पण पुडीतला सोडा हा सोडियमच असतो, त्यामुळं बीपीवाल्यांनी आणि हार्टवाल्यांनी ती रोजची सवय लावून घेऊ नये. दुसरी जात रॅनिटिडीनची, आपल्या वडिलांच्या पिढीला तोंडपाठ असलेली. ह्या जातीतलं पहिलं यशस्वी औषध शोधणाऱ्या जेम्स ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल मिळालं होतं, इतकं ते मोठं काम होतं, कारण त्याआधी अल्सरच्या कितीतरी लोकांची पोटं फाडावी लागायची. पण पुढं रॅनिटिडीनमध्ये एनडीएमए नावाचा कॅन्सरची शंका असलेला घटक सापडला, अमेरिकेनं एप्रिल २०२० मध्ये ते बाजारातून काढायला लावलं आणि आपल्याकडं सप्टेंबर २०२२ ला अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून ते वगळलं. अजूनही जुनी माणसं तेच नाव घेऊन येतात, त्यांनी एकदा डॉक्टरांना दुसरा पर्याय विचारावा, फॅमोटिडीन आहे.

तिसरी जात म्हणजे ही सध्याची गोळी, ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, राबेप्राझोल वगैरे. ओमेप्राझोल १९८८ ला स्वीडनमध्ये पहिल्यांदा बाजारात आलं. ह्या औषधांना पीपीआय म्हणतात आणि ती खरोखर गुणकारी आहेत, अन्ननलिकेला झालेल्या जखमा भरून आणायला ह्यांच्याइतकी चांगली औषधं फार कमी आहेत. पण ती काम कशी करतात हे कळलं तर वेळेचं महत्त्व कळेल. जठराच्या भिंतीत ॲसिड बाहेर टाकणारे अगदी सूक्ष्म पंप असतात. पोट रिकामं असताना त्यातले बरेचसे बंद असतात, जेवायला बसलो की चालू होतात. ही गोळी फक्त चालू असलेल्या पंपालाच कुलूप घालू शकते, बंद पंपाला नाही. आणि गोळीचं औषध रक्तात टिकतं ते थोडे तासच. म्हणजे जेवणाआधी अर्धा ते एक तास गोळी घेतली तर पंप चालू व्हायच्या वेळेला औषध रक्तात हजर असतं. जेवून झोपताना घेतली तर ती रक्तात पोचेपर्यंत जेवणाची वेळ निघून गेलेली असते, पंप बंद पडायला लागलेले असतात, औषध तसंच वाया जातं. साधारण सकाळी नाष्ट्याच्या आधी अर्धा तास ही सगळ्यात चांगली वेळ, रात्रीचा त्रास जास्त असेल तर डॉक्टर रात्रीच्या जेवणाआधी सांगतात. आणि नाष्टा करायचाच, गोळी घेऊन दुपारपर्यंत नुसत्या चहावर राहिलं तरी उपयोग होत नाही. गोळी फोडायची नाही, चावायची नाही, कारण वरचं आवरण हे जठरातल्या ॲसिडपासून औषधाला वाचवायला असतं. शिवाय पूर्ण असर यायला तीन-चार दिवस लागतात, त्यामुळं आज जळजळलं म्हणून एक घेतली, मग रविवारी मटण खाल्लं म्हणून एक घेतली, ह्यानं काही होत नाही. मग लोक म्हणतात ह्या कंपनीची चालत नाही, जास्त पॉवरची द्या.

किती दिवस हा दुसरा प्रश्न. सर्वसाधारण कोर्स ४ ते ८ आठवड्यांचा असतो, नंतर डॉक्टरांनी परत बघून ठरवायचं की थांबवायची, कमी करायची का चालू ठेवायची. आपल्याकडं हे परत बघणं होतच नाही. आणि इथं एक अडचण आहे जी लोकांना कोणी सांगत नाही. बरेच दिवस घेतलेली ही गोळी एकदम बंद केली की दाबून ठेवलेलं ॲसिड काही दिवस, कधी काही आठवडे, आधीपेक्षा जास्त बनतं. त्याला रिबाउंड म्हणतात. माणसाला वाटतं आजार उलटला, आता गोळीशिवाय आपलं खरं नाही, आणि तो परत सुरू करतो ते कायमचंच. खरं तर हळूहळू कमी करत, मधे लागलंच तर अँटासिड घेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली बऱ्याच जणांची गोळी सुटते. वर्षानुवर्षं घेतल्यानं बी१२ हे व्हिटॅमिन कमी होऊ शकतं, शाकाहारी माणसात ते आधीच कमी असायचा संभव जास्त, मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, हाडं ठिसूळ होण्याशी आणि पोटाच्या इन्फेक्शनशीही संबंध दिसलेला आहे. हातापायाला मुंग्या येतात म्हणून बी१२ च्या गोळ्या नेणारा माणूस त्याच चिठ्ठीबरोबर पित्ताच्या दोन पट्ट्या घेतो तेव्हा मी त्याला म्हणतो की दोन्ही गोष्टी एकदा एकाच डॉक्टरांच्या कानावर घाला.

पण हे वाचून कुणी उद्यापासून गोळी बंद करू नका. ज्यांना अल्सरमधून रक्तस्राव झालेला आहे, जे हार्टसाठी ॲस्पिरिन घेतात आणि डॉक्टरांनी मुद्दाम जोडीला ही दिली आहे, ज्यांच्या अन्ननलिकेत दुर्बिणीत मोठ्या जखमा दिसल्यात, त्यांना ती लागते आणि त्यांच्यासाठी फायदा तोट्यापेक्षा कितीतरी जास्त आहे.

नावाच्या शेवटी डी लावलेल्या कॅप्सूल मिळतात त्याबद्दल पण सांगायलाच पाहिजे. त्यात डोमपेरिडोन हे दुसरं औषध असतं. लोकांना वाटतं डी म्हणजे जरा भारी. डोमपेरिडोननं काही जणांत हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, म्हणून युरोपात २०१४ साली ते फक्त मळमळ-उलटीसाठी, दिवसाला ३० मिलीग्रॅमपर्यंत आणि साधारण आठवडाभरच द्यावं असं ठरलं. आपल्याकडं तेच लोक वर्षभर घेतात, वयस्क माणसंसुद्धा, हार्टच्या गोळ्या चालू असणारीसुद्धा. हे मला अजिबात बरोबर वाटत नाही.

दुखण्याच्या गोळ्यांचंही तसंच. द्राक्षाच्या छाटणीच्या दिवसात तासगावकडचे लोक, ऊसतोडीला आलेली माणसं, अंगदुखीची गोळी आणि पित्ताची गोळी जोडीनंच मागतात, एकीनं पोट बिघडवायचं आणि दुसरीनं सावरायचं. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन असल्या गोळ्यांनी जठराच्या आतला संरक्षक थर कमी होतो आणि अल्सर होऊ शकतो. अल्सरचं दुसरं मोठं कारण एच पायलोरी हा जंतू, ऑस्ट्रेलियातल्या मार्शल आणि वॉरेन यांनी तो शोधला आणि २००५ ला त्यांना नोबेल मिळालं, मार्शल यांनी तर पटवून देण्यासाठी तो जंतू स्वतः पिऊन दाखवला होता. तो जंतू असेल तर अँटिबायोटिकचा कोर्स लागतो, नुसती पित्ताची गोळी खाऊन तो जात नाही. म्हणजे पोटात आग पडते म्हणून सगळ्यांचा आजार एकच असं नसतंय, हे तपासल्याशिवाय कळत नाही. बीपीसाठी बरेच जण अमलोडिपीन घेतात, त्यानंही काहींची झडप सैल पडून जळजळ वाढते, आपल्या मनानं बंद करायची नाही, पण डॉक्टरांना सांगायचं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. छातीत दुखतंय, दाब आल्यासारखं वाटतंय, घाम फुटलाय, दम लागतोय, कळ डाव्या हातात, जबड्यात, पाठीत जातीय, तर ते पित्त समजून सोडा पीत घरी बसू नका, लगेच ईसीजी काढायला जा. शुगर असणाऱ्यांना आणि बायकांना हार्टचा झटका असा ठळक न येता नुसती मळमळ, अस्वस्थपणा, पोटाच्या वरच्या भागात दुखणं असाही येतो. पित्तच आहे म्हणून रात्र काढणारी घरं आमच्या गल्लीतही आहेत. आणि घास गिळताना अडकतोय, गिळताना दुखतंय, काही न करता वजन उतरतंय, डांबरासारखी काळी शी होतीय, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही दिसतंय, रक्त कमी झालंय, तर गोळी मागायला आमच्याकडं येऊच नका, थेट पोटाच्या डॉक्टरांकडं जा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच त्रास सुरू झाला असेल तरी दाखवा. वर्षानुवर्षं ॲसिड लागून काहींच्या अन्ननलिकेचं आतलं अस्तरच बदलतं, त्याला बॅरेट्स म्हणतात, त्यातल्या फार थोड्यांना पुढं कॅन्सर होतो, पण वेळेत कळलं तर लक्ष ठेवता येतं.

दुर्बीण म्हटलं की लोक घाबरतात, "नळी घालतात म्हणं." सहा-आठ तास उपाशी जायचं, घशाला बधिर करणारा फवारा मारतात, लागलं तर झोपेचं इंजेक्शन देतात, आणि तपासणी साधारण पाच-दहा मिनिटांत होते. मिरज आपल्यापासून दहा किलोमीटरवर आहे, वॉनलेस नावाच्या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ ला तिथं दवाखाना काढला तेव्हापासून कर्नाटकातून माणसं तिथं उपचाराला येतात, आणि आपण सांगलीत राहून गोळीवर वर्षं काढायची हे पटत नाही. अजून एक, दुर्बीण नॉर्मल आली म्हणजे आजार नाही असं नव्हे, जळजळ असणाऱ्या निम्म्याहून जास्त लोकांची नॉर्मलच येते. मग कधी कधी २४ तास ॲसिड मोजायची तपासणी करतात. महिनोन्महिने कोरडा खोकला, सकाळी आवाज बसणं, हेही कधी कधी ह्याच आजारानं होतं, शाळेतल्या बाई किंवा कीर्तन करणारे महाराज ह्यांनी घशाच्या डॉक्टरांना हे जरूर विचारावं. गोळ्यांनी भागत नसेल, हर्निया मोठा असेल तर ऑपरेशन असतं, जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती गुंडाळतात, नीसेन नावाच्या सर्जननी १९५५ ला पहिल्यांदा केलं, आता पोटाला लहान छिद्रं पाडून दुर्बिणीतूनच होतं. सगळ्यांना लागत नाही.

घरी काय करायचं, तर वजन कमी करणं आणि रात्रीचं जेवण झोपायच्या आधी तीन तास उरकणं, ह्या दोन गोष्टींनी जेवढा फरक पडतो तेवढा सरबतांनी पडत नाही. शिफ्टवाल्यांनी मुख्य जेवण ड्युटीला जायच्या आधी करावं आणि परत आल्यावर थोडकंच खावं. पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली प्रत्येकी दोन विटा ठेवा, सहा-आठ इंच उंची पाहिजे. तीन-तीन उश्या घेऊन उपयोग नाही, त्यानं पोट दुमडतं आणि दाब वाढतो. डाव्या कुशीवर झोपा, त्या बाजूला झडप वर राहते आणि ॲसिड खाली. गार दुधानं तेवढ्यापुरतं बरं वाटतं पण नंतर ॲसिड परत वाढतं, झोपताना ग्लासभर दूध तर नकोच. तिखटाचं म्हणाल तर सगळ्यांनी कांदा-लसूण चटणी सोडायची गरज नाही, ज्याला ज्यानं त्रास होतो त्यानं ते सोडावं, एखाद्याला चहानं होतं, एखाद्याला तर्रीच्या तेलानं, कारण तेलकट अन्न जठरातून पुढं सरकायला वेळ लावतं. घरच्या बाईनं म्हाताऱ्या सासऱ्यांसाठी सगळं अळणी करून ठेवलंय आणि सासरे मात्र मावा खाऊन नऊला झोपतात, अशा घरांत चटणीला दोष देऊन काय होणार.

माझी आमच्या जिल्ह्यातल्या मेडिकलवाल्यांना विनंती आहे की पाकिटावर मराठीत पेनानं एवढं तरी लिहून द्या, नाष्ट्याआधी अर्धा तास, आणि खाली किती आठवडे. तेवढ्याला अर्धं मिनिट लागतं. डॉक्टरांनाही विनंती की चिठ्ठीवर कधी थांबवायची ती तारीख घाला, मग आम्हालाही पेशंटला परत पाठवता येतं, नाहीतर तीच चुरगळलेली चिठ्ठी तीन-तीन वर्षं काउंटरवर येत राहते आणि नाही म्हटलं की माणूस समोरच्या दुकानात जातो.

आणि साहेब, जागेअभावी पत्र कापायचं झालं तर बाकी काहीही कापा, पण हार्टचा आणि काळ्या शीचा तो परिच्छेद पूर्ण छापा ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
एक फार्मासिस्ट, सांगली